कोणावरून ठेवलं नाव?

बाळ झालं त्या आठवड्यात आमच्याकडे जेवढी माणसं येऊन गेली, तेवढी सासऱ्यांच्या मयतालाही आली नव्हती, असं माझी सासू किर्स्टी म्हणाली. ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. सांगताना ती एकीकडे स्कोनचे छोटे पाव भाजत होती आणि दुसरीकडे दारातून कोण येतंय ते बघत होती.

येणारं माणूस आधी शेगडीपाशी हात शेकायचं, मग पाळण्यावर वाकायचं आणि बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं सरकवायचं. मूठ मिटली की, "चिक्कू निघणार हा, आजोळवर गेलाय," म्हणून हसायचं. मी पाळण्याच्या उशाशी उभी. कोणाला सर्दी आहे, कोणी मेंढ्यांत हात घालून आलंय, नाणं तोंडात जाईल का, याच्यावर माझं लक्ष. आणि मग यायचा तो प्रश्न. आमच्या बेटावर 'नाव काय ठेवलं' असं कोणी विचारत नाही. 'कोणावरून ठेवलं' असं विचारतात.

"अजून ठरायचंय," मी म्हणायचे.

याला आमच्याकडे उत्तर म्हणत नाहीत. त्यात ठरवायचं काय असतं? पहिला मुलगा बापाच्या बापावरून, दुसरा आईच्या बापावरून, त्यापुढचे काकामामांवरून. मुलगे पुरले नाहीत तर पुरुषाच्याच नावाला शेपूट लावून ते मुलीला देतात. माझ्या शाळेत एक मर्डिना होती, एक केनेथिना होती. सुईण "मुलगा" म्हणाली तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं ते एवढ्याचसाठी, की आता माझ्या पोराला फेरखरिना म्हणून जन्म काढावा लागणार नाही.

कारण नाव तसं ठरलेलंच होतं. फेरखर. माझे सासरे. दोन हिवाळ्यांपूर्वी शेडमध्ये मागावर बसलेले असतानाच गेले. मागाचा खडखडाट थांबला म्हणून किर्स्टी बघायला गेली, तर हे कापडावर डोकं टेकून. त्यानंतर घराण्यात जन्मलेला हा पहिला मुलगा. सगळं गाव म्हणत होतं, फेरखर परत आला. फक्त मला विचारल्यावर मी म्हणत होते, ठरायचंय.

अडचण होती ती डोलिनाची. डोलिना माझी थोरली जाऊ. माझा नवरा टॉरमोट धाकटा, आणि लाखलन थोरला. बापाचं नाव आधी थोरल्याच्या घरात जायचं. लाखलन आणि डोलिनाच्या लग्नाला दहाबारा वर्षं झाली. दोनदा आशा लागली, दोनदा विझली. दुसऱ्या वेळी तिला विमानाने मुख्य भूमीवरच्या इस्पितळात नेलं होतं. ती परत आली तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन या घरात आले होते. मी तिच्यासाठी सूप घेऊन गेले. तिने ते प्यायलं, वाडगा विसळून परत दिला आणि म्हणाली, "मीठ घालायचं असतं गं त्यात." तेव्हापासून आमची मैत्री. ग्लासगोला कॉलेज शिकून आलेली, सगळ्या गोष्टींची काळजी करणारी मी; आणि मला तोंडावर मूर्ख म्हणणारी ती. तिच्याशिवाय त्या गावात मला कोणी मूर्ख म्हणत नव्हतं. पाठीमागे म्हणत असतील.

आता मी तिच्या घरासमोरून तिच्या सासऱ्याच्या नावाने हाका मारत फिरायचं?

"तू उगाच घोळ घालतेस," टॉरमोट म्हणाला. "उद्या तिला मुलगा झाला तर त्यालाही फेरखर ठेवतील. माझ्या आजोबांच्या घरात दोन डोनल होते, सख्खे भाऊ. एक बापाच्या बापावरून, एक आईच्या. एका बिछान्यात झोपायचे. काही बिघडलं नाही कोणाचं."

"आणि हाक मारली की?"

"दोघंही यायचे नाहीत."

मला हसू आलं, पण मी हसले नाही. "नाव दोघांना पुरेल रे. पण आधी कोणी घेतलं ते राहतं ना. आपण घेतलं, म्हणजे आपण वाट बघणं सोडलं. तिच्या वतीने आपणच सोडलं."

तो उठून मेंढ्या बघायला गेला. असं काही निघालं की तो तेच करतो. त्या वर्षी आमच्या मेंढ्यांची जेवढी देखभाल झाली तेवढी कधी झाली नसेल.

मग मी पुस्तक काढलं. आमच्या केल्टिक नावांचं आणि त्यांच्या अर्थांचं हे पुस्तक मी दिवस गेल्यावर ग्लासगोहून मागवलं होतं. बाळाला पाजता पाजता दुसऱ्या हाताने पानं उलटायची. मला असं नाव हवं होतं की ज्याचा अर्थच इतका चांगला असेल, की कोणी 'कोणावरून' म्हणून विचारणारच नाही. डोनल म्हणजे जगावर राज्य करणारा. आमच्या गावात सहा डोनल आहेत, त्यांच्यातल्या एकाचंही स्वतःचा कुत्रा ऐकत नाही. कॉन्याख म्हणजे देखणा. आमच्या पोस्टमनचं नाव कॉन्याख. मुरखा म्हणजे समुद्राशी लढणारा. ते पान मी घाईने उलटलं. समुद्राशी कोणी लढायला जाऊ नये. नीलच्या अर्थावर विद्वानांचंच एकमत नाही, कोणी ढग म्हणतं, कोणी योद्धा. मी मनात म्हटलं, दोन्हींत भिजणं आलंच. डीरमॉट म्हणजे ज्याच्या मनात मत्सर नाही असा. हे मला आवडलं होतं; पण बाळाकडे बघितलं तर ते दुसऱ्या बाजूलाही तेवढंच दूध आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं डोळे वटारून बघत होतं.

"आणि आमच्या त्याचा काय दिलाय अर्थ?" किर्स्टीने विचारलं. ती सासऱ्यांना नेहमी 'तो'च म्हणायची.

मी बघितलं. "अतिशय प्रिय माणूस."

किर्स्टीने चष्मा वर केला. "लिहिणारा त्याला भेटलेला दिसत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा विणायला लागली. थोड्या वेळाने सुया थांबवून म्हणाली, "आमच्याकडे नावाला अर्थ नसतो, मार्सली. ज्याचं होतं तो माणूस, हाच अर्थ." तिने ते नाव तोंडाने मागितलं नाही. मागितलं असतं तर मी भांडले तरी असते.

शेवटी मला रोनन सापडलं. रोनन म्हणजे सीलचं छोटं पिल्लू. आमच्या खाडीत सील येतात, दगडांवर पडून माणसांकडे बघत राहतात, म्हाताऱ्या बायकांसारखे. आमच्या दोन्ही घराण्यांत, माझ्या माहितीत, रोनन कोणी नव्हता. कोणाचा हक्क नाही, कोणी वाट बघत नाही. मी टॉरमोटला सांगितलं.

"सील," तो म्हणाला.

"छोटा सील."

"मोठा होईल ना तो कधीतरी." पण तो हो म्हणाला. मी त्याच्याकडे कशी बघत होते ते त्याने पाहिलं असणार. सोमवारी शहरातल्या कचेरीत जाऊन तो नाव नोंदवणार होता. किर्स्टीला मी स्वयंपाकघरात सांगितलं. ती "बरं" म्हणाली. फक्त बरं. आणि चूल पुसायला लागली, जी तिने नुकतीच पुसली होती.

डोलिनाला मात्र मी काहीच सांगितलं नाही. मला वाटलं, तिच्यासाठी केलंय ते तिला सांगायला गेले तर उपकार केल्यासारखं होईल.

शनिवारी माळावर जळणाची माती कापायची होती. आमच्याकडे हे काम एकट्यादुकट्याने होत नाही. लाखलन लांब दांड्याच्या पातीने ओल्या काळ्या मातीच्या विटा कापतो, टॉरमोट खाली उभा राहून त्या झेलतो आणि गवतावर फेकतो. पुढे बायका त्या उन्हावाऱ्यात उभ्या करतात, आणि उन्हाळ्यानंतर तीच माती वर्षभर शेगडीत जळते. एका घराचं काम निघालं की शेजारपाजार मदतीला येतो आणि त्या घराने सगळ्यांना जेवायला घालायचं. मी घरी राहावं असं टॉरमोट म्हणाला, मला वारा लागेल, बाळाला वारा लागेल. एरवी हे सगळं मीच म्हणाले असते. पण किर्स्टी म्हणाली, "वारा लागला तर बरंच, वारा असला की चिलटं नसतात. याच माळावर हा सगळा गोतावळा वाढला." मग मी बाळाला दोन दुपट्यांत आणि एका शालीत गुंडाळलं, वरून आणखी एक शाल घेतली आणि निघाले.

काम जोरात होतं. लाखलन कापताना बोलत नाही. डोलिना त्याच्या मागे गुडघाभर बूट घालून कापलेल्या विटा बाजूला लावत होती, कोपरापर्यंत काळी. मला बघून तिने हात केला, पण आली नाही. मी आणि किर्स्टीने दगडांच्या आडोशाला शेगडी पेटवली, किटली ठेवली, खारवलेले हेरिंग मासे, उकडलेले बटाटे, अंडी, स्कोन मांडले. सगळे बसले. शेजारची ऑयरिक माझ्या बाजूला बसली. ती पंच्याहत्तरीची असेल. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही आणि उजव्याने नको तेवढं येतं. तिने बाळाच्या तोंडावरची शाल बाजूला केली, मी परत ओढली, तिने परत बाजूला केली.

"अगं, श्वास घेऊ दे त्याला," ती म्हणाली. "सोमवारी नोंदवणार ना? मग सांग आता. कोणावरून?"

सगळे तिथेच होते. लाखलन, टॉरमोट, किर्स्टी, पलीकडच्या घरचे तिघं भाऊ, आणि डोलिना अंडं सोलत. मला वाटलं, बरं झालं, एकदाच काय ते सांगून टाकू.

"रोनन," मी म्हणाले.

"रोनन कोण?"

"कोणी नाही. म्हणजे, कोणावरून नाही. अर्थावरून ठेवलंय. सीलचं पिल्लू."

कोणीतरी बटाटा खाता खाता थांबलं. "कोणावरूनच नाही?" ऑयरिकने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, ते जास्त वाईट होतं. पोर उघड्यावर सापडल्यासारखं ती बोलली. मग तिला समजलं. का ते समजलं, आणि तिने मान वळवून डोलिनाकडे बघितलं. तिच्यामागोमाग तिघा भावांनी बघितलं. किर्स्टीने बघितलं आणि लगेच किटलीकडे नजर वळवली. त्या उघड्या माळावर लपायला एक झुडूप नाही. सगळ्यांच्या नजरा डोलिनावर, आणि तिच्या काळ्या बोटांत ते अर्धं सोललेलं पांढरं अंडं.

डोलिनाने अंडं खाली ठेवलं. "पाणी संपलंय," ती म्हणाली. बादली उचलली आणि ओढ्याकडे चालायला लागली. बादलीत पाणी होतं, ते तिने वाटेत ओतून दिलं.

मी बाळाला किर्स्टीच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या मागे गेले.

"पाणी आणायला दोन माणसं लागत नाहीत," ती मागे न बघता म्हणाली.

"डोलिना, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते सगळ्या माळाला कळलं. ऑयरिकलाही कळलं, आणि तेही डाव्या कानाने." ती ओढ्यापाशी थांबली. "सील! गेल्या साली सीलने लाखलनचं नवं जाळं फाडलं, आतला सॅमन मासा खाल्ला आणि वर दगडावर बसून आमच्याकडे बघत राहिलं. पोराला चोराचं नाव ठेवतेस होय गं?"

"अर्थ छान आहे त्याचा."

"अर्थ! तुझ्या पुस्तकात माझं नाव आहे का?"

"डोनल आहे. त्याचाच... जगावर राज्य करणारा."

"वा. म्हणजे मी जगावर राज्य करणारी." तिने बादली पाण्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली. "माझा बाप डोनलची वाट बघायचा. त्याच्या बापाचं नाव. मॅरी झाली, ॲनी झाली, पेगी झाली. डोनल येईना. माझ्या बहिणी सांगतात, ते नाव घरात खुंटीवर टांगलेल्या रविवारच्या कोटासारखं होतं. आल्यागेल्याचं लक्ष त्या खुंटीवर. शेवटी मी झाले. डॉक्टर म्हणाला, आता पुरे. मग त्यांनी त्या कोटाला शेपूट लावलं आणि माझ्या अंगात घातला. मला तो कधी बसला नाही. पण खुंटी मोकळी झाली. आई म्हणायची, डोलिना, तू झालीस आणि मी सुटले. मला वाटायचं, बाळंतपणातून सुटले म्हणते. तसं नव्हतं ते."

वाऱ्याने तिचा रुमाल सुटला होता, तो तिने काळ्या हाताने मागे सारला आणि कपाळावर पट्टा उठला.

"फेरखर माझ्या खुंटीवर आहे, ते गेले त्या दिवसापासून," ती म्हणाली. "त्यांच्या मयताला एक बाई माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, देव एक नेतो, एक देतो. सासूबाई दर रविवारी चहाला येतात, चांगल्या वागतात, एक शब्द बोलत नाहीत. पण बघतात. माझ्याकडे नाही, खुंटीकडे. तुला मुलगा झाला हे टॉरमोट सांगायला आला ना, तेव्हा मी दार लावून घेतलं आणि खुर्चीवर बसून हसले. म्हटलं, चला, सुटलो. गेला कोट. आणि तू काय केलंस? तो परत आणून माझ्याच खुंटीला टांगलास. आणि सगळ्या गावाला बोलावून दाखवलास, की बघा, हिच्यासाठी ठेवलाय."

"मला दया नव्हती आली तुझी."

"मग?"

मी खरं ते सांगून टाकलं. "भीती वाटली. तू माझ्याशी बोलणं सोडशील याची. तू सोडलंस तर मग इथे मला खरं सांगणारं कोण आहे?"

तिने माझ्याकडे बघितलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली.

ते ऐकून मी तिथेच ओल्या गवतावर बसले. टाके ओढले गेले आणि मी आई गं म्हणाले. तीही बसली.

"सोडलंच होतं जवळजवळ," ती म्हणाली. "मी घरी आले की तू पोराला उचलून आत नेतेस. कधी पाजायला, कधी दुपटं बदलायला. किती ओलं होतं गं तुझं पोर? ऑयरिकने घेतलं त्याला. पोस्टमनने घेतलं, टपालाच्या पिशवीत घालून नेऊ का म्हणाला. सख्ख्या काकूने अजून घेतलं नाही."

हे मी करत होते. मला वाटत होतं की तिच्या नजरेआड ठेवणं म्हणजे तिला जपणं. मला रडू यायला लागलं. बाळंतपणानंतर तसं ते मला कशावरूनही येत होतं, लोकरीचा गुंडा पडला तरी.

"रडायचं नाही. चिलटं बसतात डोळ्यांवर," डोलिना म्हणाली.

"लाखलन काय म्हणेल?"

"विचारलंय मी त्याला, पोर झालं त्याच दिवशी. तो म्हणाला, बाबांचं नाव आलं की बाबांचा तो दणदणीत आवाजही येणार. धाकट्याच्या घरात आला तर बरंच आहे, तुमच्या भिंती जाड आहेत."

आम्ही दोघी हसायला लागलो. मला हसताना दुखत होतं, आणि दुखतंय म्हणून आणखी हसू येत होतं. मग मी तिला ते विचारलं, जे इतके दिवस मी कोणाला विचारू शकले नव्हते. "आणि पुढे तुला झालाच मुलगा, तर?"

ती उठली, बादली भरून घेतली. मला वाटलं, आता मी जास्त बोलले.

"झाला तर झाला," ती म्हणाली. "त्याचं नाव काहीही ठेवू. पण मला तो नावासाठी नकोय, मार्सली. मला तो नुसता हवाय. कळलं? आता हात दे, ऊठ. तुझ्या सासूच्या मांडीवर किंचाळतोय तो, मला इथवर ऐकू येतंय. आवाज आलाच बघ."

आम्ही परतलो तेव्हा सगळे मुद्दाम दुसऱ्याच गोष्टी बोलत होते. तिघा भावांपैकी एक जण हवामान सांगत होता आणि बाकीचे दोघे ते जणू पहिल्यांदाच ऐकत होते. टॉरमोट उभा राहिला. डोलिनाने बादली खाली ठेवली, हात कमरेवर घेतले आणि ऑयरिकच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"ऑयरिक, मघाचं परत विचार."

"काय विचारू?"

"तुला माहितेय काय ते."

ऑयरिकने माझ्याकडे बघितलं, डोलिनाकडे बघितलं. तिच्यासारख्या बाईलाही घाबरल्यासारखं झालं होतं. "कोणावरून?" ती हळूच म्हणाली.

"फेरखरवरून," डोलिना म्हणाली, पलीकडच्या माळावर ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या सासऱ्यांवरून. थोरल्या घराने दिलंय. आता गावात सांगताना नीट सांग, सील वगैरे मध्ये आणू नकोस."

किर्स्टी चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, तरी ती ओततच राहिली. टॉरमोटने तिच्या हातातून किटली काढून घेतली. मग ती मांडीवर किंचाळणाऱ्या पोराकडे वाकली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव क्वचितच घेतात, घरात 'तो' म्हटलं की भागतं. "फेरखर," ती म्हणाली, "पुरे आता." आवाज दटावणीचा होता. पोर गप्प झालं नाही. ते बघून ती मोठ्याने हसली. इतक्या मोठ्याने मी तिला हसताना ऐकलं नव्हतं.

लाखलन हात विजारीला पुसत आला. त्याने बाळाच्या तोंडावरची शाल एका बोटाने बाजूला केली. "काय बाबा," तो म्हणाला, "मी सरळ कापतोय ना? का पूर्वीसारखं परत सगळं नव्याने कापायला लावणार?" तो वळून पाती शोधायला लागला, जी त्याच्या पायाशीच होती.

"मग सील?" टॉरमोटने माझ्या कानाशी विचारलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला कळलं की एवढे दिवस तोही झोपलेला नाही. माझं ऐकलं, पण आपल्या बापाचं नाव सोडताना त्याला काय वाटलं होतं ते त्याने मला सांगितलं नव्हतं. मी त्याचा हात धरला. तो ओल्या मातीने बर्फासारखा झाला होता.

"सील कुत्र्याला ठेवू," मी म्हणाले.

"पुढच्या," तो म्हणाला. "आताचा ऐकत नाही."

डोलिनाने बाळ घेतलं. हात धुतलेच नव्हते. पांढऱ्या शालीवर तिच्या पंज्याचा काळा ठसा उमटला, बाळाच्या कानाजवळ एक बोट लागलं. माझ्या जिभेवर आलं होतं, मी ते चहाबरोबर गिळलं. ती त्याला घेऊन कापलेल्या विटांच्या रांगेकडेने चालायला लागली आणि चालता चालता त्याला सांगायला लागली, "ऐक. तू फेरखर, टॉरमोटचा. टॉरमोट फेरखरचा. फेरखर लाखलनचा, आमच्या लाखलनचा आजोबा तो, त्याने ते खालचं घर बांधलं, वाकडं. लाखलन युअनचा, युअन पलीकडच्या बेटावरून आला, का ते कोणी सांगत नाही, मी सांगीन तुला, पण मोठा झाल्यावर..." पोराचं रडणं थांबलं होतं. ऐकत होतं की कानाशी वारा लागत होता म्हणून, देव जाणे. मी उठून बघायला गेले नाही.

ऑयरिकने एक स्कोन मधोमध फोडून, त्यावर लोणी थापून माझ्यापुढे धरला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. पोर झाल्यापासून मी दोन हातांनी काही खाल्लं नव्हतं. तो संपवला आणि दुसरा घेतला. मग हेरिंगचा तुकडा, मग एक बटाटा, मग डोलिनाने अर्धं सोलून ठेवलेलं ते अंडं. किर्स्टी म्हणाली, "सावकाश खा गं, कोणी नेत नाहीये." मी मान हलवली आणि खात राहिले.